दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा सत्याग्रह (१९०६–१९१४)

ट्रान्सवालमध्ये स्थायिक झालेल्या हिंदी लोकांनी नोंदणी कायद्याविरुद्ध पुकारलेला अहिंसक लढा. आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई व्यक्तीने नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावेत आणि दाखला कायम जवळ बाळगावा, असा हा ‘काळा कायदा’ होता. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात तो न पाळण्याची शपथ घेण्यात आली. कायदा मागे घेतला जाईल या आशेवर अनेकांनी पुढे स्वेच्छेने दाखले घेतले. तो मागे न घेतल्याने १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यात आले.

लढ्याचे नेते गांधीजी यांच्या नावापुढे गोपाळ कृष्ण गोखले यांचा वाटा झाकोळला जातो. तो मोठा होता. त्यांनी लढ्यासाठी हिंदुस्थानात निधी उभारला आणि १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत करारबद्ध मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मंजूर करून घेतला. १९१२ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात जोहान्सबर्गच्या कोकणी मुसलमानांच्या आग्रहावरून ते मराठीत बोलले. हिंदुस्थानीत भाषांतर गांधीजींनी केले. करारमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा कर उठेल, असे पंतप्रधान जनरल बोथा यांच्या भेटीनंतर गोखल्यांना वाटले होते. तो उठला नाही. मार्च १९१३ मध्ये न्यायालयाने ख्रिस्ती विधीविना झालेले विवाह अमान्य ठरवल्यावर स्त्रियाही सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या, कराविरुद्ध नाताळचे खाणमजूर संपावर गेले. नोव्हेंबरमध्ये दोन हजारांवर माणसे प्रवेशबंदी मोडून पायी ट्रान्सवालच्या हद्दीत शिरली.

१९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला, विवाहांना मान्यता मिळाली. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्यावरील बंदी मात्र राहिली.