शंभरातली ब्याऐंशी मुलं गेली कुठे?

२० मार्च १९२७ म्हटलं की चवदार तळं आठवतं. त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले होते. जयंतीच्या भाषणांत हे भाषण क्वचितच येतं. बॅनरवर 'शिका' मात्र मोठ्या अक्षरात असतं!

पटावर नावं किती, एवढ्यावर बाबासाहेब थांबले नाहीत. शाळेत शिरलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, हा हिशेब त्यांनी सरकारसमोर ठेवला. शाळेत आलेलं मूल कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, तरच त्या शाळेला अर्थ. म्हणजे प्रवेश मिळाला की काम झालं, असं त्यांनी कधीच मानलं नाही.

पुढे प्रश्न पैशाचा. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करत होतं आणि दारूवरच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करत होतं. जेवढं त्यातून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी. घाम कुणाचा आणि शाळा कुणाची, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर विचारलं होतंच. पंचेचाळीस वर्षांनीही उत्तर बदललेलं नव्हतं.

कॉलेजचे आकडे तर अंगावर येतात. दर दोन लाख लोकांमागे पुढारलेल्या हिंदूंचे १,००० विद्यार्थी, मुसलमानांचे ५२, मधल्या जातींचे १४, आणि आपले? शून्य, फार तर एक. अशा वेळी कॉलेजच्या खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग फीतून काढणं म्हणजे शिक्षणाचा व्यापार आहे, असं त्यांनी सुनावलं. खालचे वर्ग नुकतेच दारात येत आहेत, तेव्हा उच्च शिक्षण होईल तितकं स्वस्त ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आज वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची भाषा होते. कारण काय, तर खर्च परवडत नाही. पण वस्तीवरची शाळा चार किलोमीटर लांब गेली की पहिली गळणारी मुलगी कुणाच्या घरची असते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. मित्रांनो, आपल्या तालुक्यातल्या एखाद्या बॅचचा पहिलीचा पट आणि त्याच मुलांचा दहावीचा पट माहिती अधिकारात मागवा. दोन्ही कागद शेजारी ठेवून वजाबाकी करा आणि ती यादी घेऊन ग्रामसभेत उभे राहा.