प्रवाहाकडे तोंड करून

अमेरिकेतील कोलोरॅडो नदी ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीतून वाहते. तेथे हंगामापुरते प्रवाशांना नेणाऱ्या नावाड्यांच्या व्यवसायाचा इतिहास वल्हेकऱ्याच्या बैठकीपासून सुरू होतो.

२४ मे १८६९ रोजी मेजर जॉन वेस्ली पॉवेल नऊ सोबती व चार होड्या घेऊन निघाला. युद्धात त्याने उजवा हात गमावला होता. त्याचे वल्हेकरी प्रवाहाकडे पाठ करून बसत. पुढचा खडक त्यांना दिसत नसे. २८ ऑगस्टला एका भीषण खळाळापाशी तिघांनी होड्या सोडून कड्याची वाट धरली. ते परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सहाच जण दरीपार झाले.

पुढे १८९० नंतरच्या दशकात नॅथॅनियल गॅलोवे या शिकाऱ्याने होडीच उलटी फिरविली. वल्हेकरी प्रवाहाकडे पाहू लागला. प्रवाहाविरुद्ध वल्ही मारून वेग आवरता येऊ लागला. याच रीतीने १९३८ मध्ये नॉर्मन नेव्हिल्सने एल्झाडा क्लोव्हर व लोइस जॉटर या वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रियांना सुखरूप पार नेले आणि उन्हाळी जलप्रवासाचा धंदा उभारला.

१९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाने नदी अडविली. पूर्वी बर्फ वितळे तसे पाणी चढे. आता धरणाचे दरवाजे ते ठरवितात. तरीही नवशिक्याला बहुधा प्रथम सामानाचीच होडी मिळते. माणसांचे जीव त्याच्या हाती सोपविले जातात, ते पाणी वाचता येऊ लागल्यावरच.