ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील तेलगळती

'''ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील तेलगळती''' म्हणजे दंतचक्रपेटी, डिफरन्शियल व मागील आस यांना वंगण पुरवणारे तेल आवरणाबाहेर झिरपणे किंवा एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाणे. जुन्या ट्रॅक्टरांत हा दोष सर्रास आढळतो. गळती डोळ्यांना सहज दिसते. तिचा उगम शोधणे मात्र कठीण असते, कारण तेल जेथून निघते तेथे क्वचितच ठिपकते. उगम चुकीचा ठरवल्यास ट्रॅक्टर विनाकारण खोलला जातो आणि गळती कायम राहते.

== पार्श्वभूमी ==

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. कांद्याच्या आशियातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांमध्ये तिची गणना होते. येथे कांदा मुख्यतः ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून व पिकअपसारख्या वाहनांतून येतो. लिलाव वाहनातील माल पाहून होतो आणि त्यानंतर वाहन व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामे केले जाते. त्यामुळे एरवी शेतात नांगरणी व रोटाव्हेटरची कामे करणारा ट्रॅक्टर बाजाराच्या दिवशी मालवाहू वाहन बनतो. भरलेल्या ट्रॉलीचा भार, रांगेत वारंवार थांबणे व पुन्हा निघणे यांमुळे क्लच, गिअर आणि ब्रेक या तिन्हींवर ताण पडतो. तेलगळतीचे गंभीर परिणाम नेमके क्लच आणि ब्रेक या भागांवर होतात.

== रचना ==

मोटारीला सांगाडा असतो व गिअरबॉक्स त्यावर टांगलेला असतो. बहुतेक शेती ट्रॅक्टरांना असा स्वतंत्र सांगाडा नसतो. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मागील आसाचे आवरण एकमेकांना बोल्टने जोडलेले असून हेच ओतीव भाग ट्रॅक्टरचा कणा असतात. अवजाराचा व ट्रॉलीचा सर्व ओढा या जोडांवरून जातो. म्हणून जोडाचे बोल्ट किंचित सैल झाले तरी मधले पॅकिंग घासले जाते आणि तेल पाझरू लागते.

हॅरी फर्ग्युसन यांच्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंपही याच आवरणाच्या आत बसवलेला असतो व गिअरचे तेलच हायड्रॉलिकसाठी वापरले जाते. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झालेला टीई-२० हे याचे ठळक उदाहरण होय. अशा यंत्रात तेल कमी झाल्यास गिअरची झीज वाढते आणि लिफ्टही अवजार उचलण्यास कुचराई करते. अन्य काही रचनांत हायड्रॉलिक पंप इंजिनावर बसवलेला असतो. त्याचे निदानातील महत्त्व पुढे आले आहे.

== तेलाची ओळख ==

निदानाची पहिली पायरी म्हणजे जमिनीवर पडलेला द्रव कोणता, हे ठरवणे. उभ्या ट्रॅक्टरखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र अंथरल्यास रंग, दाटपणा आणि ठिपक्याची जागा तिन्ही कळतात. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काजळीमुळे काळे असते. गिअरचे तेल दाट, मधासारख्या ते तपकिरी रंगाचे असून त्याला गंधकयुक्त पूरकांचा उग्र वास येतो. गिअर, हायड्रॉलिक व तेलातील ब्रेक यांसाठीचे सामाईक तेल त्यामानाने पातळ असते व त्याला हा वास फारसा नसतो. स्वयंचलित गिअरच्या मोटारींत आणि पुष्कळ पॉवर स्टीअरिंगमध्ये वापरले जाणारे तेल बहुधा लाल रंगवलेले असते. डिझेल वासावरून लगेच ओळखू येते, तर शीतकाचा ठिपका पाण्यासारखा पसरतो व तेलकट लागत नाही.

गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. भातखाचरातील चिखलणी किंवा जोरदार फवाऱ्याने केलेली धुलाई ही त्याची नेहमीची कारणे होत. ज्या सीलमधून पाणी आत जाते त्यातून तेलही बाहेर येऊ शकते.

== उगमाचा शोध ==

तेल गुरुत्वाने खाली उतरते आणि चालत्या वाहनात वाऱ्याने मागे सरकते. त्यामुळे सर्वांत ओली जागा फसवी असते. शोध घ्यायचा तो सर्वांत उंचावरील व सर्वांत पुढील ओल्या जागेचा. वर्षानुवर्षांची माती व तेल मिळून बनलेली कीट खरवडून, डिझेल किंवा रॉकेलने आवरण धुऊन कोरडे केल्याशिवाय ही जागा सापडत नाही. या पायरीला अनेकदा फाटा दिला जातो, आणि बहुतेक चुकीची निदाने तेथेच जन्माला येतात. कोरड्या आवरणावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी फासून ट्रॅक्टर थोडा वेळ चालवल्यास तेलाची ताजी रेघ स्पष्ट उमटते. मोठ्या कार्यशाळांत तेलात चमकणारे रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याखाली पाहिले जाते.

काहीही खोलण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी तपासणे आवश्यक असते. पहिली तेलाची पातळी. ती सपाट जमिनीवर, लिफ्टचे हात खाली सोडून मोजतात. हात वर असताना काही तेल सिलिंडरमध्ये अडकलेले असते व पातळी खोटी दिसते. प्रमाणाबाहेर भरलेले तेल निरोगी सीलमधूनही बाहेर पडते. दुसरी गोष्ट म्हणजे ब्रीदर. गिअरबॉक्स तापल्यावर आतील हवा प्रसरण पावते व या लहान छिद्रातून बाहेर जाते. धुळीने ते बुजल्यास आतील दाब तेलाला सीलच्या ओठातून ढकलतो. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी गळती सुरू झाली असेल, तर प्रथम ब्रीदरवर संशय घ्यावा.

क्लच हाऊसिंगच्या तळाशी असलेले निचऱ्याचे छिद्र निदानात फार महत्त्वाचे आहे. तेथून ठिपकणारे तेल इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागील सीलचे असू शकते किंवा गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टच्या सीलचे. दोन्ही सील बदलण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. म्हणजे भक्कम आधार देऊन ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. तेलाचा रंग व वास, तसेच कोणत्या कप्प्याची पातळी घटते, यांवरून दोहोंतील दोषी सील बहुधा कळते. तरीही ट्रॅक्टर एकदा सोडवल्यावर दोन्ही सील बदलणे शहाणपणाचे ठरते, कारण सीलच्या किमतीपेक्षा मजुरी व वाया जाणारे दिवस महाग पडतात. उन्हाळ कांद्याची काढणी ऐन भरात असताना तर हा हिशेब अधिकच कडक होतो.

=== न दिसणारी गळती ===

पातळी घटते पण जमीन कोरडी राहते, असेही घडते. हायड्रॉलिक पंप इंजिनावर असून त्यासाठी गिअरचे तेल वापरले जात असल्यास, पंपाच्या शाफ्टचे सील फाटल्यावर ते तेल थेट इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते. गिअरची पातळी घटत असताना इंजिनाची पातळी वाढणे, ही याची खूण होय. इंजिनात डिझेल मिसळल्यानेही पातळी वाढते. मात्र तेव्हा तेल पातळ होते, त्याला डिझेलचा वास येतो आणि गिअरची पातळी जागेवर असते.

== परिणाम ==

क्लच प्लेटवर तेल गेल्यास ती घसरते, इंजिनाचा आवाज वाढतो पण ट्रॅक्टर ओढत नाही. याहून धोकादायक गळती मागील आसाच्या सीलची असते. सुक्या ब्रेकच्या जुन्या ट्रॅक्टरांत हे तेल ब्रेकच्या अस्तरापर्यंत पोहोचते. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक स्वतंत्र असतात. एका बाजूचे अस्तर तेलकट झाल्यास दोन्ही पेडल एकत्र जोडूनही ट्रॅक्टर एकीकडे ओढतो. मागे भरलेली ट्रॉली व पुढे उतार असताना हा दोष प्राणघातक ठरू शकतो. चाकाच्या आतील बाजूस तेलाची रेघ दिसताच वाहतूक थांबवणे हाच योग्य मार्ग होय.

हायड्रॉलिक नळीतील बारीक छिद्र कधीही हाताने चाचपू नये. उच्च दाबाची धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज भासू शकते. तपासणीसाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात.

== दुरुस्ती ==

पॅकिंगची गळती बोल्ट योग्य क्रमाने आवळल्याने कधी कधी थांबते. सीलची थांबत नाही. नवे सील बसवूनही तेल येत राहिल्यास शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने पडलेली चर तपासतात. अशा वेळी शाफ्टवर पातळ बाही चढवतात किंवा सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवतात. सीलचे रबर फुगवणारी रसायने बाजारात मिळतात. त्यांचा उपयोग फार तर हंगाम निभावण्यापुरता असतो.

नवे तेल उत्पादकाच्या पुस्तिकेनुसारच भरावे लागते. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर साधे गिअर तेल चालत नाही. काढलेले तेल बांधावर किंवा गटारात ओतू नये. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाणे अपेक्षित आहे.