चौथ्या मजल्यावरचा ‘र’

अमेरिकन उच्चार शिकवणारे व्हिडिओ आमच्या नात्यातली तरुण मुलं तासन्‌तास पाहत बसतात. त्यात ‘र’चा धडा हमखास असतो. कार, फोर्थ, फ्लोअर असे शब्द म्हणताना जीभ आत ओढा, ‘र’ गिळू नका. तो ब्रिटिश गिळतात. या अमेरिकन ‘र’ला ‘नॅचरल’ म्हणतात. त्याचा इतिहास पाहिला की हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.

सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेत गेलेले बहुतेक लोक हा ‘र’ उच्चारतच होते. तो गळू लागला तो लंडनच्या आसपास, नंतरच्या शतकात. जॉन वॉकरने १७९१ च्या आपल्या उच्चारकोशात लंडनचा ‘र’ किती मवाळ झाला आहे, याची नोंद केली आहे. म्हणजे बदलला तो साहेब. मग लंडनशी येणंजाणं असलेल्या बोस्टन, न्यूयॉर्क, चार्ल्सटन या बंदरांनी त्याची नक्कल केली आणि ‘र’ गाळणं हे खानदानी अमेरिकन माणसाचं लक्षण ठरलं. १९३३ च्या शपथविधीच्या भाषणात फ्रँकलिन रूझवेल्ट ‘फिअर’ हा शब्द उच्चारतात, तेव्हा शेवटचा ‘र’ जवळजवळ ऐकूच येत नाही. आजच्या व्हिडिओवाल्यांनी त्यांना नापासच केलं असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. ब्रिटनचा दबदबा ओसरला आणि ‘र’ परतला. १९६२ मध्ये विल्यम लबॉव्ह हा तरुण भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेला: श्रीमंतांचं सॅक्स, मध्यमवर्गाचं मेसीज आणि स्वस्तातलं क्लाइन. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे, असं तो विचारायचा. ‘फोर्थ फ्लोअर’ असं उत्तर आलं की ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचा. अशा २६४ विक्रेत्यांकडून त्याने उत्तरं मिळवली. ‘र’ पूर्ण किंवा थोडाफार उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये फक्त २० टक्के निघाले. विक्रेते काही स्वतः धनिक नव्हते. गिऱ्हाइकाची पत त्यांच्या जिभेवर उतरली होती. दुसऱ्यांदा जपून बोलताना तर ‘र’ आणखी वाढायचा. आणि तोच ‘र’ आफ्रिकी अमेरिकन माणसाच्या बोलण्यात गळला, तर त्याला कुणी रूझवेल्टसारखा खानदानी म्हणत नाही!

आपल्याला हे नवं नाही. ‘त्याचा शीन-काफ दुरुस्त नाही’ हा शेरा दखनी बोलणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. आपण ‘कलम’ला ‘खलम’ म्हणतो आणि लखनौकडचा पाहुणा गालात हसतो. कोकणातल्या आपल्या बिरादरीतल्या मुलाची तर तिहेरी पंचाईत. घरची बोली शाळेत अशुद्ध आणि उर्दू पाहुण्यांपुढे गावठी. आता त्यात अमेरिकन ‘र’ची भर.

कुणी म्हणेल, मदरशात तरी काय वेगळं होतं? तजवीद शिकवताना मौलवीसाहेब प्रत्येक हरफाचा मखरज घोटून घेतात. पण तिथे कारण आहे. कंठातून काढलेल्या काफने ‘कल्ब’ म्हटलं तर हृदय, दुसऱ्या काफने म्हटलं तर कुत्रा. उच्चार चुकला तर अर्थच बदलतो. न्यूयॉर्कच्या दुकानात ‘र’ गाळला म्हणून चौथा मजला तिसरा होत नव्हता. बदलत होती ती फक्त बोलणाऱ्याची किंमत.

नोकरीसाठी लागत असेल, तर मुलांनी हा ‘र’ जरूर शिकावा. मी त्यांना अडवत नाही. फक्त सोबत एक गंमत सांगतो. अमेरिकन माणूस ‘वॉटर’ किंवा ‘बेटर’ म्हणतो तेव्हा मधला ‘ट’ टाळूला जेमतेम शिवून उडतो आणि जवळजवळ आपल्या ‘वारा’मधल्या ‘र’सारखा होतो. व्हिडिओत हा आवाज शिकवायला दहा मिनिटं घालवतात, आणि आपल्या पोरांच्या तोंडात तो बोबड्या वयापासून आहे.