हलवायाचा खल, डॉक्टरची भिंत

लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर एका हलवायाचा पिढीजात धंदा होता. मागच्या बाजूला त्याचे स्वयंपाकघर आणि तिथे दोन मोठे दगडी खल भिंतीलगत विटांच्या बांधकामात बसवलेले. वर लाकडी मुसळे, त्यांना धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या भिंतीतच रोवलेल्या. साखरेच्या ढेपा फोडायच्या, मांस कुटायचे, असे काम वीस वर्षांहून अधिक काळ बिनतक्रार चालले होते. 1865 मध्ये पलीकडच्या विंपोल स्ट्रीटवरच्या घरात एक डॉक्टर राहायला आले, तेव्हाही कुणाची काही कुरकुर नव्हती, कारण स्वयंपाकघराची भिंत आणि डॉक्टरांचे घर यांच्यामध्ये बाग होती. 1873 मध्ये डॉक्टरांनी बागेच्या टोकाला, त्याच भिंतीला लागून रुग्ण तपासण्याची खोली बांधली आणि सगळे बिनसले. छातीला कान लावून रुग्णाच्या फुप्फुसांचा आवाज ऐकायचा, तर पलीकडून मुसळाचे ठोके.

‘स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन’ हा तो खटला. 1879 मध्ये अपील न्यायालयाने निकाल डॉक्टरांच्या बाजूने दिला आणि हलवायावर मनाई हुकूम कायम झाला. वीस वर्षांच्या वहिवाटीने आपल्याला हक्क मिळाला आहे, असे हलवाई म्हणत होता. न्यायालयाचे म्हणणे असे की, खोली बांधली जाईपर्यंत त्या आवाजाचा कुणाला कायद्याच्या अर्थाने उपद्रवच होत नव्हता. मग वहिवाट मोजायची कुठून? न्यायमूर्ती थेसिजर यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आजही वकिलांच्या तोंडी असते. श्रीमंतांच्या बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो उपद्रव ठरेल, तो कातडी कमावणाऱ्यांच्या बर्मंडसीत ठरेलच असे नाही. आवाज कसा आहे एवढेच पाहायचे नाही, तो कुठल्या वस्तीत आहे हेही पाहायचे.

शेजाऱ्याच्या धंद्याच्या आवाजाची तक्रार मात्र याहून कितीतरी जुनी. चौदाव्या शतकातल्या लंडनच्या शहर-न्यायालयात चिलखते बनवणाऱ्या कारागिराविरुद्ध आलेल्या तक्रारीची नोंद आहे: हातोड्यांनी भिंती हादरतात, रात्रंदिवस झोप नाही, तळघरातली वाइन आणि बिअर नासते. पाचशे वर्षांनंतरही पद्धत तीच राहिली होती. आधी धंदा सुरू व्हायचा, मग शेजारी वैतागायचा, मग साक्षीदार उभे राहायचे. कुणाचा तरी कान हाच एकमेव पुरावा आणि निकाल लागेपर्यंत एका बाजूचे नुकसान होऊन गेलेले.

मोजण्याचे साधन आले ते टेलिफोनच्या संशोधनातून. 1920 च्या दशकात बेल कंपनीच्या अभियंत्यांनी डेसिबल हे एकक रूढ केले. 1929 मध्ये न्यू यॉर्कने आवाज कमी करण्यासाठी आयोग नेमला. उपकरणे लादलेला ट्रक रस्तोरस्ती फिरला आणि हजारो नागरिकांनी प्रश्नावली भरून पाठवली. पण ती शहराच्या गोंगाटाची मोजणी होती. उद्या इथे एखादा कारखाना येणार असेल तर शेजारच्या घरात काय होईल, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते.

ते शोधले ब्रिटनने. 1960 मध्ये आवाजाच्या प्रश्नावर नेमलेल्या विल्सन समितीचा अहवाल 1963 मध्ये आला आणि 1967 मध्ये ‘बीएस 4142’ हे मानक निघाले. या मानकाची कल्पना खरोखर सुंदर आहे. धंद्याचा आवाज किती, एवढा एकच प्रश्न ते विचारत नाही. तो धंदा नसताना तिथे किती शांतता आहे, हे आधी मोजायला लावते. त्यासाठी 90 टक्के वेळ जी पातळी ओलांडली जाते ती धरतात, म्हणजे मधूनच गेलेल्या गाडीने हिशेब बिघडत नाही. मग येऊ घातलेल्या यंत्रांचा आवाज शेजारच्या घरापर्यंत किती पोहोचेल, याचे गणित मांडायचे. तो सतत एका सुरात गुणगुणत असेल किंवा ठोक्याठोक्याने येत असेल, तर त्यात काही डेसिबल दंड म्हणून मिळवायचे, कारण असा आवाज कानाला जास्त खुपतो. 2014 च्या आवृत्तीत एकसुरी आवाजाला 6 पर्यंत आणि ठोक्यांना 9 पर्यंत डेसिबल वाढवतात. बेरीज पार्श्वभूमीच्या 5 डेसिबल वर गेली तर त्रासाची शक्यता, सुमारे 10 वर गेली तर मोठ्या त्रासाची, तीही परिस्थिती पाहून. रात्रीची मोजणी तासाची नव्हे, 15 मिनिटांची; झोप मोडायला तास लागत नाही, हे मानक लिहिणाऱ्यांनी ओळखले होते.

म्हणूनच धंद्याला परवानगी देण्याआधीची ही मोजदाद दोघांच्याही भल्याची आहे. पंखा छताच्या दुसऱ्या टोकाला न्यावा, माल उतरवायची वेळ बदलावी, भिंत जाड करावी, हे सारे यंत्र बसण्याआधी स्वस्तात होते. कोर्टाची पायरी चढल्यावर तेच धंदा बंद करण्याइतके महाग पडते. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी 1960 च्या गाजलेल्या निबंधात हलवायाचाच खटला घेऊन दाखवले की इथे नुकसान दोन्ही बाजूंनी होऊ शकते. डॉक्टरला वाचवायचे म्हणजे हलवायाला इजा करायची. 1991 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

‘मी आधी आलो’ हे म्हणणे इंग्लंडच्या न्यायालयांनी आजवर मानलेले नाही. सफोकमध्ये मिल्डनहॉलजवळ 1970 च्या दशकात मोटरसायकल शर्यतींचे मैदान झाले. 2006 मध्ये जवळच्या बंगल्यात राहायला आलेल्या जोडप्याने दावा लावला, आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. बांधकामाची परवानगी होती एवढ्याने उपद्रव कायदेशीर होत नाही, असेही म्हटले. नियोजनाचे नियम मात्र आता उलट बाजूने चालू लागले आहेत. इंग्लंडच्या 2018 च्या राष्ट्रीय नियोजन धोरणात बदल घडवणाऱ्यानेच त्रास निवारावा, हे तत्त्व आले. जुन्या संगीतघराशेजारी नवे फ्लॅट बांधायचे तर खिडक्या दुहेरी करण्याचा खर्च बिल्डरचा. 1873 मध्ये हा नियम असता तर जाड भिंत डॉक्टरांना बांधावी लागली असती, आणि ते जास्त न्याय्य झाले असते.

भारतातले ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. व्यापारी भागात 65 आणि 55. रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त झाल्यास तक्रार करता येते, म्हणजे तो दहाचा आकडा इथेही भेटतो. फरक असा की तुलना तिथल्या खऱ्या शांततेशी नाही, नकाशावरच्या ठरीव आकड्याशी आहे. पुण्या-मुंबईत तळमजल्यावर गिरणी, वर राहती घरे, ही रचना सर्रास असताना हा फरक फार मोठा आहे. शिवाय गिरणीचा त्रास हवेतून येतो त्याहून जास्त स्लॅबमधून, थरथर होऊन, वर चढतो. तो आधी जोखायचा तर मीटर कुंपणापाशी ठेवून भागत नाही. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, रात्री, गिरणी लागण्याआधी एकदा आणि चाचणीसाठी चालवून एकदा मोजावे लागते.