हृदयातील सौम्य अर्बुदे : निदान व उपचारांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : वैद्यकशास्त्रात ‘सौम्य’ हे विशेषण अर्बुदातील पेशींच्या स्वरूपावरून दिले जाते. हृदयाच्या बाबतीत मात्र ते फसवे ठरते. प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारे असे अर्बुद म्हणजे मिक्सोमा. तो बहुधा डाव्या अलिंदात वाढतो. तो कर्करोगाप्रमाणे पसरत नाही. परंतु द्विदल झडपेचा मार्ग अडवू शकतो आणि त्याचे सुटलेले तुकडे मेंदूपर्यंत पोहोचून पक्षाघात घडवू शकतात. या ‘सौम्य’ परंतु जीवघेण्या विकारावर उपचार कसे शक्य झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निदानाची मर्यादा : हृदयातील अर्बुदाच्या आरंभीच्या नोंदींमध्ये इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ रेआल्दो कोलंबो यांच्या १५५९ मधील ग्रंथाचा उल्लेख केला जातो. त्यानंतर सुमारे चार शतके हे ज्ञान प्रामुख्याने शवविच्छेदनापुरतेच सीमित राहिले. धाप लागणे, छातीत धडधडणे ही लक्षणे झडपेच्या विकारासारखीच असल्याने जिवंतपणी निदान क्वचितच होई. १९५२ मध्ये गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी हृदयात रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने डाव्या अलिंदातील मिक्सोमाचे निदान प्रसिद्ध केले. तथापि तो काढण्याचा प्रयत्न सफल झाला नाही. रोग दिसला, पण हृदय थांबवून ते उघडण्याचे साधन हाती नव्हते.

शस्त्रक्रियेचा मार्ग : त्याच वर्षी अमेरिकेत बॅन्सन व न्यूमन यांनी महाशिरांतील प्रवाह काही काळ रोखून उजव्या अलिंदातील मिक्सोमा काढला; रुग्ण २४ दिवसांनी दगावला. ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी फिलाडेल्फिया येथे हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधारे हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढील वर्षी स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी अशाच यंत्राच्या मदतीने डाव्या अलिंदातील मिक्सोमा काढला व रुग्ण वाचला.

निदानही सुलभ होत गेले. स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये स्वनातीत ध्वनिलहरींनी हृदयाचे परीक्षण सुरू केले. १९५९ मध्ये जर्मनीत एफर्ट व डोमानिग यांनी त्याच पद्धतीने मिक्सोमा ओळखला. छेद न घेता, रंगद्रव्य न सोडता हे साधले.

समारोप : आज मिक्सोमाचे निदान होताच तो, देठाच्या मुळाशी असलेल्या ऊतीसह, शक्य तितक्या लवकर काढला जातो. याउलट अर्भकांतील ऱ्हॅब्डोमायोमा पुष्कळदा आपोआप आकसतो. लक्षणे नसल्यास केवळ निरीक्षण पुरेसे ठरते. दोन्ही अर्बुदे पेशींच्या दृष्टीने सौम्यच. तरी एकात विलंब घातक, तर दुसऱ्यात घाई अनावश्यक. उपचाराचा निर्णय नावावरून नव्हे, तर अर्बुदाचे स्थान व वर्तन यांवरून घ्यावा लागतो, हेच या इतिहासाचे सार होय.