'मालिम' या शब्दाचा प्रवास

माझा भाचा व्यापारी जहाजावर डेक कॅडेट आहे. सेकंड मेटच्या परीक्षेच्या तयारीसाठी तो गेल्या वर्षी महिनाभर गावी, रत्नागिरीकडे, येऊन राहिला होता. एका रात्री गच्चीवर त्याने हात लांब करून मूठ वळली, क्षितिजावर ठेवली, तिच्यावर दुसरी मूठ ठेवली आणि म्हणाला, "मामू, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. ध्रुवतारा बघा, दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेच्या थोडा खाली. म्हणजे सतरा अंश. आपलं गाव सतरा अंशांवरच आहे. जहाजावर आम्ही हेच सेक्स्टंटने मोजतो, थोडी दुरुस्ती करतो, की अक्षांश मिळतो."

मला माझे आजोबा आठवले. ते तीस वर्षे परदेशी कंपन्यांच्या बोटींवर सुकाणी होते. तेही अंगणात बसून असाच हात लांब करत, फक्त मुठीऐवजी बोटे धरत. लिहिता-वाचता येत नव्हते. बोटीवरच्या गोष्टी सांगताना एक वाक्य हमखास यायचे, "मालिम साब सांगेल तसं सुकाणू धरायचं." मालिम हे कुण्या इंग्रजाचे नाव असावे असे मला लहानपणी वाटे. नंतर कळले की तो हुद्दा आहे. ब्रिटिश बोटींवरचे हिंदी खलाशी गोऱ्या मेटला 'मालिम साब' आणि चीफ मेटला 'बडा मालिम' म्हणत. शब्द मात्र इंग्रजांचा नव्हे. तो अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिकवणारा, जाणकार. आपल्याच समुद्रावरचा हा हुद्दा साहेबाच्या नावापुढे कसा गेला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त मोठ्या जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. त्यात जहाजाचा प्रमुख नाखुदा, खलाशांचा नायक तांडेल, कोठार सांभाळणारा भंडारी, सुकाणू धरणारा सुकानगीर आणि डोलकाठीवरून टेहळणी करणारा पंजरी आहे. आणि त्यात मुअल्लिम आहे. समुद्राची खोली-उथळी आणि ताऱ्यांचे ज्ञान असलेला, जहाजाला वाट दाखवणारा माणूस तो. नाखवा, तांडेल, सारंग ही आडनावे कोकणात आजही आहेत. सुकाणू, खलाशी, मोसमी वारे हे शब्दही मराठीत याच समुद्री व्यवहारातून आले. ते कुठल्या एका धर्माचे राहिले नाहीत. कोळ्यांनीही ते आपले मानले.

या मुअल्लिमांचा सर्वांत मोठा लेखक म्हणजे पंधराव्या शतकातला अहमद इब्न माजिद. जुल्फार, म्हणजे आजच्या रास अल खैमाच्या परिसरातला. त्याचे वडील आणि आजोबाही मुअल्लिम होते. 1490 च्या सुमारास त्याने 'किताब अल-फवाइद' हा नौकानयनाचा ग्रंथ लिहिला.

त्या काळचे साधन अगदी साधे होते. त्याला 'कमाल' म्हणतात. लाकडाची लहान चौकोनी फळी, तिच्या मधोमध ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. दोरी दातांत धरायची, फळी समोर ताणायची, खालची कड क्षितिजावर आणि वरची ताऱ्यावर टेकली की गाठी मोजायच्या. उंची 'इस्बा', म्हणजे बोटांत सांगत. पूर्ण वर्तुळाचे 224 इस्बा, म्हणजे एक इस्बा दीड अंशाहून थोडा अधिक. आजोबा बोटे का धरत, याचे उत्तर मला इथे मिळाले. ध्रुवताऱ्याला हे लोक 'जाह' म्हणत. प्रत्येक बंदराची जाहची उंची मुअल्लिमाला पाठ असे. आधी त्या उंचीपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचे, मग तीच उंची कायम ठेवून किनारा येईपर्यंत पूर्वेला किंवा पश्चिमेला जहाज चालवायचे. पूर्व-पश्चिम अंतर ताऱ्याने मिळत नसे. ते 'झाम', म्हणजे तीन तासांच्या पाळ्या मोजून अंदाजाने धरत. म्हणून जमीन जवळ आल्याच्या खुणा महत्त्वाच्या. पाण्याचा बदललेला रंग, पक्षी, शिशाच्या ओळंब्याला चिकटून आलेला गाळ, आणि आपल्या किनाऱ्याजवळ दिसणारे समुद्री साप. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "साप सोडले तर बाकी सगळं आमच्या अभ्यासात आहे."

इब्न माजिदचे नाव आपल्याकडे मात्र वेगळ्याच कारणासाठी घेतले जाते. त्याने वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट दाखवली, असे म्हणतात. काही जण हे टोमण्यासारखे सांगतात, की बघा, फिरंग्यांना आणणारा मुसलमानच. आपल्या जलशांत तेच वाक्य अभिमानाने येते, की आमचा इब्न माजिद नसता तर गामा पोचलाच नसता. टोमणा आणि अभिमान दोन्ही एकाच दाव्यावर उभे आहेत, आणि तो दावा कच्चा आहे.

गामाने 24 एप्रिल 1498 रोजी मालिंदी सोडले आणि 20 मे रोजी तो कालिकतजवळ पोचला. मालिंदीच्या राजाने त्याला वाटाड्या दिला होता, यात शंका नाही. पण पोर्तुगीज इतिहासकार बारुश त्याला गुजराती मुसलमान म्हणतो आणि त्याचे नाव 'मालेमो काना' असे देतो. यातले 'मालेमो' म्हणजे आपला मालिम. 'काना' हा शब्द ज्योतिषी या अर्थाच्या 'गणक'वरून आला असे अभ्यासक मानतात. म्हणजे हे नावच नव्हे, अरबी आणि संस्कृत मिळून झालेला हुद्दा आहे. गामाने आपले धातूचे यंत्र दाखवले तेव्हा या माणसाला काहीच आश्चर्य वाटले नाही, असेही बारुश लिहितो. इब्न माजिदचे नाव येते ते कुतबुद्दीन नहरवालीच्या ग्रंथात, सुमारे पाऊणशे वर्षांनंतर, आणि तेही दारूच्या नशेत वाट दाखवल्याच्या किश्श्यासह. विसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक गाब्रिएल फेरांने ही ओळख पुढे आणली. नंतरच्या अभ्यासकांनी ती बहुतेक नाकारली आहे.

मला यातून वेगळीच गोष्ट दिसते. ही वाट कुणा एकाचे गुपित नव्हती. मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडणे हा शेकडो मुअल्लिमांचा रोजचा धंदा होता. त्यांतल्या एकाने नेहमीचे काम केले, आणि त्याचे खरे नाव कुणीही टिपून ठेवले नाही.

इब्न माजिदला हे कळत असावे. त्याने मुअल्लिमांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला, ज्याचे कधी बरोबर येते, कधी चुकते. तो मुअल्लिम म्हणवण्यास पात्रच नाही. दुसरा आपल्या ओळखीच्या वाटांवर तरबेज, नावाजलेला, पण मेल्यावर विसरला जाणारा. तिसरा सारा समुद्र जाणतो आणि ते ज्ञान लिहूनही ठेवतो, म्हणून तो मागे उरतो.

माझे आजोबा आणि त्यांच्यासारखे कोकणातले हजारो खलाशी या दुसऱ्या प्रकारातले होते. काळ मात्र कागदाचा आला होता. 1811 मध्ये टॉमस रोबकने कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयनाचा शब्दकोश छापला. खलाशांची बोली, त्यांचे दोर-शिडांचे शब्द वहीत आले, पण ते साहेबाला हुकूम सोडता यावेत म्हणून. 1850 मध्ये ब्रिटनने परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तान आणि मेटसाठी परीक्षा सक्तीची केली. ज्याच्याकडे प्रमाणपत्र तो मालिम, ही व्यवस्था पक्की झाली. नियम म्हणून त्यात चूक नव्हती. माणसांचे जीव पाठांतरावर सोडता येत नाहीत. अन्याय होता तो दार बंद ठेवण्यात. हिंदी माणसाला सारंग होता येई, पण अधिकारी होण्याचे प्रशिक्षण त्याच्यासाठी देशात नव्हते. ते दार उघडले 1927 मध्ये, मुंबई बंदरात 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले तेव्हा. 1972 मध्ये तिची जागा 'राजेंद्र'ने घेतली आणि पुढे नवी मुंबईत 'चाणक्य' आले.

दार उघडले तरी आमच्या मोहल्ल्यातून आत शिरायला आणखी दोन पिढ्या गेल्या. याचा दोष फक्त इंग्रजांवर टाकून भागणार नाही. पोरगा पंधराचा झाला की त्याला बोटीवर चढवायचे, शाळा नंतर बघू, ही सवय आमचीही होती. पगार लवकर येई आणि पोरगा आयुष्यभर सुकाणूवर राही. आजोबांचे जुने डिस्चार्ज बुक आमच्या घरी आहे. सहीच्या जागी अंगठा आहे. ज्या माणसाला रात्री आकाश बघून बोट कुठे आहे ते सांगता येई, त्याने समुद्राबद्दल मागे ठेवलेले एकमेव लिखाण म्हणजे तो ठसा.

भाच्याकडे एक वही आहे. रोज संध्याकाळी घेतलेली ताऱ्यांची उंची, वेळ, काढलेली जागा आणि उपग्रहाने दाखवलेली जागा तो तिच्यात लिहितो. दोन्हींत किती फरक पडला तेही लिहितो. उपग्रह असताना ही मेहनत कशाला, असे मी विचारले. म्हणाला, "मामू, यंत्र बंद पडलं तर बोट थांबत नाही ना." परीक्षा तो पास झाला. आता त्याच्या बोटीवरचे खलाशी त्याला सेकंड साब म्हणतात. मालिम हा शब्द त्यांना ठाऊक नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी एखादे जुने सुकाणी, तांडेल, सारंग अजून आहेत, त्यांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. कुठला वारा कधी सुटतो, कुठला खडक कुठल्या ओहोटीला उघडा पडतो, ताऱ्याला ते काय म्हणत, हे विचारून लिहून घ्यावे. माझ्या आजोबांना मी हे विचारले नाही. मुठीऐवजी बोटे का, एवढे तरी विचारायला हवे होते.